साडेनऊच्या गाडीचा डबा

२३ फेब्रु., सोमवार

आठ नंबरच्या खोलीतल्या चौघी पहाटेपासून ओकतायत. कारण कळायला दहा वाजले. काल एकीच्या गावाहून डबा आला, गाडी वाटेत बंद पडली म्हणून चार तास उशिरा. मटकीची उसळ आंबलेली, तरी चौघींनी वाटून खाल्ली. "आईनं केलेली होती मॅडम, टाकवेना." बी.एस्सी.च्या मुली! सूक्ष्मजीव मी स्वतः शिकवलेत यांना.

दवाखाना, सलाईन. संध्याकाळी चौघी परत. हसत होत्या. मला काही हसू आलं नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांचा फोन. "पेपरात आलं तर मी काय सांगू?" उलट्यांपेक्षा पेपराची भीती जास्त. माझीही तीच गत म्हणा. एकोणीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, अजून फोन वाजला की आधी घड्याळ बघते.

२४ फेब्रु.

नोटीस लिहिली. उद्यापासून बाहेरचे डबे बंद. सर्वांनी मेसमध्येच जेवावं. अपवाद नाही.

खरं सांगायचं तर हे डबे मला कधीच आवडले नाहीत. निम्म्या मुलींचे डबे एस.टी.नं येतात. आया पहाटे उठून भाकऱ्या थापतात, डबा ड्रायव्हरच्या हवाली करतात, आमचे वॉचमन सिद्राममामा स्टँडवरून ते सायकलला लटकवून आणतात. संध्याकाळी धुतलेले रिकामे डबे त्याच गाड्यांनी परत. डबा रिकामा आला म्हणजे पोरगी जेवली, ठणठणीत आहे, असा तिकडे हिशोब. दीड तास गेटवर नुसती भांड्यांची आदळआपट. आयतं कारण मिळालं, मी बंद करून टाकलं. हेही लिहून ठेवावं.

२५ फेब्रु.

सि.मामा हात हलवत परत आले. "मॅडम, बारा डबे आलते स्टँडवर. समदे माघारी लावून दिलो. ड्रायव्हर लोकं शिव्या घालत्यात की मला."

"घालू दे. चार दिवसांत बंद होतील."

मेसची आमटी चाखली. पाणीच.

२८ फेब्रु., शनिवार

ऋतुजा ऑफिसात आली. सेकंड इयर, अक्कलकोटच्या पलीकडचं सीमेवरचं गाव. घरी कानडी, इथे मराठी, वर्गात इंग्रजी, तिन्हीत कमी बोलते. बॉटनीत पहिली. हर्बेरियमच्या वहीत वाळवलेली पानं इतकी सुबक चिकटवते की मी मागच्या वर्षीची अजून ठेवलीयत.

"मॅडम, आऊटपास हवा होता. सात रस्त्याला जायचंय."

"कशाला?"

"मेडिकलमध्ये."

"काय आणायचंय?"

मान खाली. मी ओळखलं. कपाटातून पॅडचं पाकीट काढून हातात दिलं, म्हटलं, यासाठी लाजायचं नसतं, आणि साडेसहानंतर बाहेर सोडत नाही हे माहीत आहे ना? "हो मॅडम" म्हणाली. दारात जरा थांबल्यासारखी वाटली. मी उद्याच्या पालक सभेची यादी करत होते.

१ मार्च, रविवार

पालक सभा. विषय: विद्यार्थिनींची सुरक्षितता, आरोग्य व वर्तणूक. दोन तास बोलले. घसा बसला.

आले ते बहुतेक बापच. आया पाच-सहा, मागच्या रांगेत, पदर सावरत. फॉर्मवर पालकाचं नाव एक, मोबाईल नंबर एक. तो बापाचा. आऊटपासला परवानगी त्या नंबरवरून, गैरहजेरीचा मेसेज त्या नंबरला.

नियम वाचले. मोबाईल, वेळा, कपाटांची तपासणी, डबे. नियम १४ पण: फिट्स, दमा किंवा तत्सम गंभीर आजार असल्यास वसतिगृहात प्रवेश मिळणार नाही, माहिती लपवल्यास प्रवेश रद्द. हा मीच घातला होता. अकरा-बारा वर्षांपूर्वी एक मुलगी बाथरूममध्ये आकडी येऊन पडली, आतून कडी. दार फोडेपर्यंत जे काही वाटलं ते परत नको होतं. नियम केला, झोप लागायला लागली.

सभेनंतर ऋतुजाचे वडील भेटले. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला विभूती, पंपाची मोटार दुरुस्त करणारे हात. "तुमी कडक हाय म्हणून तर पोरगी हितं ठेवलोय मॅडम. डबे बंद केला ते लई बेस झालं. हिच्या अव्वाला पोरीला घास भरवल्याबगर चैनच न्हाय. एवढी घोडी झाली तरी." अव्वा म्हणजे हिची आई.

बरं वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं सुद्धा.

३ मार्च

काल होळी. आज धूलिवंदन, सुट्टी. ज्या मुली राहिल्यात त्यांचा आवारात पाण्याचा धिंगाणा.

साडेदहाला सि.मामा. चेहरा पाडून. हातात डबा, पितळी कड्यांचा.

"मॅडम, ऋतुजाचा हाय. न्हाय म्हणलो मी. पन ड्रायव्हर ऐकना. म्हणतो, तिची अव्वा गाडीला आडवी आली. पोरीच्या हातात द्या, निस्तं हातात द्या, म्हणून दहा बार सांगितली. पुरणपोळी असंल. सणाचं हाय की."

"मामा, एकीचा घेतला तर उद्या तीस येतील."

"एवढा एक..."

"नाही म्हटलं ना."

डबा परत गेला. सि.मामा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलींसाठी मेसमध्ये पुरणपोळी करायला सांगितली होती, केली, कडक झाली. ऋतुजा जेवायला खाली आली नाही. पाहिलं होतं मी. सणाला घरची आठवण येतेच, म्हणून सोडून दिलं.

६ मार्च, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी सव्वासातला ऋतुजा जिन्यावरून पडली. हातात पाण्याची बादली. मुलींच्या किंकाळ्या ऐकून धावले. जिन्याखाली वाकडीतिकडी, हातपाय झटकतायत, तोंडाला फेस, कपाळ फुटलेलं, सगळीकडे पाणी आणि त्यात रक्त. एकीनं चप्पल नाकाला लावली. एक कांदा आणायला पळाली. आणि मी? मी, एम.एस्सी., प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दोनदा घेतलेली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या मुठीत कोंबला. लोखंड. आजी करायची तसं. कुशीवर वळवायचं असतं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, किती वेळ चाललं ते घड्याळात बघायचं. पाठ आहे मला. तेव्हा काही म्हणून सुचलं नाही.

सि.मामांनी वळवलं तिला. त्यांनी डोक्याखाली आपला हात घातला. बोटं जिन्याच्या कडेला ठेचली त्यांची.

रिक्षा. कपाळाला चार टाके. समोरचा एक दात अर्धा गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या अचानक बंद केल्या का?"

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या? हिला काहीही नाही. फॉर्मवर..."

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. ती भिंतीकडे.

६ मार्च, दुपारी

सांगितलं तिनं. तुकड्या-तुकड्यानं, जीभ सुजलेली.

नववीत असल्यापासून आकडी येते. वडिलांनी देवाला नेलं, अंगारा लावला, वर्षभर आली नाही, त्यांच्या दृष्टीनं बरी झाली. गोळ्या चालू म्हणजे आजार चालू, आजार चालू म्हणजे सोयरीक बंद, म्हणून गोळ्या त्यांनी बंद करवल्या. अव्वानं नाही केल्या. तिचा भाऊ अक्कलकोटहून चिठ्ठीवर आणून देतो. रोज एक. भाकरीच्या तळाला, शेंगाचटणीच्या पुडीत, कागदात गुंडाळून. त्यांची गाडी रविवारी नसते म्हणून शनिवारी दोन.

"अव्वा म्हणते, रक्ताची गोळी आहे. तिला वाटतं मला माहीत नाही."

"आणि तुला?"

"पहिल्याच वर्षी कळलं मॅडम. गोळीवरचं नाव मोबाईलवर शोधलं. पण तिला कशाला सांगू? तिला बरं वाटतं."

मी विचारलं, पाकीटच का नाही ठेवलं जवळ?

"तुम्ही कपाटं तपासता ना."

मग म्हणाली, "मेडिकलमध्ये विचारणार होते, चिठ्ठीशिवाय दोन तरी देतात का. अव्वाशी फोनवर बोलले, पण अप्पा स्पीकर लावतात."

मला सांगायचं होतंस, असं म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. नियम १४ कुणी लिहिला ते आठवलं आणि गिळलं.

पॅडचं पाकीट दिलं मी तिला. पॅडचं पाकीट!

७ मार्च

आईवडील आले. अव्वा पहिल्यांदा पाहिली. बुटकी, हिरवं इरकल, चपलांना वाटेतला चिखल. खाटेजवळ गेली, पोरीच्या कपाळावरच्या पट्टीला हात लावला नाही, फक्त म्हणाली, "ऊटा आतेन?" जेवलीस का. तेवढं कानडी मलाही येतं.

वडील डॉक्टरांना सांगत होते, तसलं काय न्हाय आमच्यात, पोरगी सोमवार धरती, अशक्तपणानं चक्कर आली. डॉक्टरांनी कागदावर काय ते लिहून दिलं. त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवलं. इंग्रजीत होतं.

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. अप्पांना सांगू नका, एवढंच त्या बघण्यात. मी वर्षानुवर्षं पालकांना आरोग्य समजावून सांगते. समोर पालक उभा होता. मी म्हटलं, "काळजी घ्या."

जाताना अव्वा माझ्यापाशी थांबली. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा हात धरून कानडीत काहीतरी बोलली. शेजारी सि.मामा, बोटांना पट्टी. नवरा औषधाच्या खिडकीशी होता तेवढ्यात.

"काय म्हणाल्या?"

सि.मामांनी खिडकीकडे एकदा बघून घेतलं. "म्हणली, त्या पुरणपोळीत तीन ठिवले होते मी. चुकलेल्या दिसाच्या पन."

८ मार्च, रविवार

घरी नेलं तिला. सामान खोलीतच. हर्बेरियमची वही माझ्या टेबलावर, तपासायची होती.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तुझा काय दोष? नियम तो नियम." चांगल्या मनानं म्हणाले. मी उठून बाहेर जाऊन बसले.

कॉलेजात महिला दिन होता. भाषण माझंच होतं. तब्येतीचं कारण सांगून टाळलं.

११ मार्च

प्रि. साहेबांकडे. त्यांना अहवाल हवा आहे, सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मंगळवारी वसतिगृह समिती.

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, चक्कर लिहा ना. वडीलही तेच म्हणतायत. मुलगी परत येईल, डब्यांची भानगड वर येणार नाही, तुम्हालाही त्रास नाही."

"आणि परत पडली तर? खोलीतल्या मुलींना माहीत नको?"

"मग खरं लिहा. नियम १४ लागेल. नियम तुमचाच आहे."

"नियम बदलू."

"बदला. पण नव्या वर्षापासून. हे प्रकरण जुन्या नियमात येतं. आणि अहवालाची प्रत पालकांना रजिस्टर पोस्टानं जाते, विसरू नका."

पालक म्हणजे फॉर्मवरचा. म्हणजे बाप. त्याच्या हातात तो कागद पडला, मराठीतला, शिक्क्याचा, की घरातल्या गोळ्या बंद. कॉलेज तर बंदच. चक्कर लिहिलं तर ती परत येईल, गोळी लपवून घेईल, आणि एखाद्या दिवशी आतून कडी लावून पडेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

माणूस वाईट नाही तो. हे मला सारखं आठवतं. पोरीला एवढ्या लांब शिकायला ठेवणारे त्यांच्या गावात किती असतील? त्याला फक्त कुणी नीट सांगितलं नाही. मी दोन तास माईकवर बोलले, त्यात दाराला कडी किती वाजता ते होतं. आकडी हा आजार आहे, गोळीनं ताब्यात राहतो, अशी पोरगी शिकते, नोकरी करते, संसार करते, हे एक वाक्य नव्हतं. कसं असेल? मलाच तिला प्रवेश द्यायचा नव्हता.

१३ मार्च

फोन केला वडिलांना. ठरवून, शब्द जुळवून. डॉक्टरांच्या कागदाबद्दल बोलायचंय म्हटलं.

"त्येचं काय बोलायचं मॅडम? आता बरी हाय ती. आन हिकडं एक स्थळ आलंय, बघायला येणार हायत. तुमच्याकडनं फकस्त एक करा. कुनी चौकशीला आलं तर चक्कर आलती म्हणून सांगा. तुमच्या शब्दाला वजन हाय."

मी "बघते" म्हटलं. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला. मग फोन बंद.

अहवाल दोन लिहिलेत. एक सात ओळींचा, एक तीन पानांचा. दोन्ही ड्रॉवरमध्ये.

१५ मार्च, रविवार

हर्बेरियमची वही तपासली. शेवटच्या पानावर रुई, नुसतीच चिकटवलेली, नाव लिहायचं राहिलंय. तारीख ५ मार्च. पडली त्याच्या आदल्या दिवशीची. अक्षर थोडं हललेलं. तेव्हाच काही होत असेल का तिला? मी वही उशिरा मागितली होती.

मुलींना खाली बोलावलं. ऋतुजाचं नाव घेतलं नाही. कुणाला आकडी आली तर काय करायचं ते करून दाखवलं, आठ नंबरमधल्या एकीला जमिनीवर निजवून. कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल नाही, कांदा नाही. "किल्ल्या?" मागून कुणीतरी विचारलं. किल्ल्या पण नाहीत, म्हटलं. कुणी हसलं नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी दहाला सि.मामा आले. टेबलावर डबा ठेवला. तोच, पितळी कड्यांचा.

"मामा, डबे बंद आहेत ना?"

"ह्यो पोरींचा न्हाय. तुमच्या नावाचा हाय. ड्रायव्हरला इचारा पायजे तर."

उघडला. दोन कडक भाकरी, वांग्याची भाजी, खाली शेंगाचटणीची पुडी. पुडीत कागद, कागदात एक गोळी. चटणीच्या तेलानं कागद लाल झालेला. पांढरी, मसुराएवढी. एवढ्याशा गोळीवर ऋतुजा इतकी वर्षं उभी होती आणि ती मी गेटवरून परत लावली.

निरोप पण होता. सि.मामांनी तो दार लोटून सांगितला. "पोरगी उद्याच्या गाडीनं येती. बापाला ठावं न्हाय. तो पंपाची मोटार दुरुस्त कराया पंढरपूरला चाललाय, उद्या सांजच्याला येतो म्हणं. अव्वा म्हणली, आता गोळी मॅडमच्या हातनं. रोज मी लावून देती, त्यांनी द्यावं."

म्हणजे उद्या साडेनऊला ती स्टँडवर. अकराला समिती. आणि संध्याकाळी बाप घरी.

भाकरी खाल्ली मी. सगळी. ऑफिसात बसून, दार लावून, चटणी लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गोळी किल्ल्यांच्या कपाटात ठेवली.

चार वाजता प्रि. साहेबांचा शिपाई येऊन गेला. "सायबांनी अहवाल मागितलाय." पाचला देते म्हटलं. दोन्ही कागद टेबलावर काढून ठेवले होते. अव्वा लिहायला-वाचायला शिकलेली नाही, तिला यातलं एक अक्षर कळणार नाही. तिला डबा कळतो.

डबा स्वतः घासला. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात. मुलींच्या डब्यांना तो रिवाज कुणी लावला नव्हता. मेसमधून मूठभर साखर आणून घातली, कड्या लावल्या, सि.मामांच्या हातात दिला. सव्वाचार झाले होते, गाडी पाचची.

ते गेटपर्यंत जाऊन परत आले. "मॅडम, साखर बघून ती काय समजंल?"

"समजायचं ते समजेल."

"मग उद्या स्टँडवर कोन जायाचं? मी का तुमी?"

मी, म्हटलं. सायकल गेटबाहेर पडेपर्यंत बघत राहिले. शिपाई परत आलाय, बाहेर बाकावर बसलाय. दोन्ही अहवाल अजून टेबलावरच. पाचला दहा कमी.